उद्या सकाळपर्यंत बघू

गेल्या आठवड्यात रात्री अकराला एका परिचिताचा फोन आला. एरवी आमचं बोलणं दिवाळीच्या शुभेच्छांपुरतंच. आवाज इतका हळू की आधी वाटलं, नेटवर्क नाहीये. मग कळलं, शेजारच्या खोलीत पाहुणे होते म्हणून तो पुटपुटत होता. मुलगी दुपारी क्लासला म्हणून गेली ती आलीच नाही. वय सोळा. "तुमच्याकडे झालं होतं ना मागे तसं... म्हणून तुम्हाला विचारतोय. कुणाला बोलू नका हं."

मी म्हटलं, पोलीस स्टेशनला गेलास का?

"नाही अजून. उद्या सकाळपर्यंत बघू म्हटलं. उगाच बोभाटा..."

मी त्याला ओरडलो. माझ्यापेक्षा मोठा माणूस, सरकारी नोकरीत वरच्या हुद्द्यावर, आणि मी त्याला शाळकरी पोरासारखा झापला. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं, पण माझं चुकलं असं वाटलं नाही. कारण "उद्या सकाळपर्यंत बघू" हे वाक्य मी स्वतः म्हणून चुकलेलो आहे, आणि त्याची किंमत मला माहीत आहे. आज त्यावरच लिहितोय. माझ्या लेकाला विचारलं, लिहू का? तो म्हणाला, "लिहा, पण माझं नाव नको, आणि मला हिरो करू नका." दोन्ही अटी मान्य.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. आम्ही नाशिकचे. चिरंजीव दहावीत. शनिवारी दुपारी घरात मोठं भांडण झालं (कशावरून ते पुढे सांगतो), मी त्याच्या एक कानाखाली दिली आणि ऑफिसच्या कामात डोकं घातलं. साडेचारला तो क्लासला म्हणून निघाला. सात वाजता क्लासमधून फोन, "आज आला नाही का हो?" त्याच्या खोलीत गेलो तर मोबाईल टेबलावर. नीट, उलटा ठेवलेला. ज्या पोराच्या हातातून मोबाईल सुटत नाही म्हणून आम्ही रोज डोकं फोडून घ्यायचो, तो मोबाईल ठेवून गेला होता. बायको मटकन खालीच बसली. तिला तेव्हाच कळलं. मला कळून घ्यायचं नव्हतं.

आता आम्ही काय केलं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी माझ्या पुतणीचा साखरपुडा होता. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "उद्याचा दिवस जाऊ दे. व्याही मंडळी येणारेत. पोरगं कुठे जाणार, येईल रात्री." मला ते पटलं. खरं सांगायचं तर बरं वाटलं, कुणीतरी आपल्या वतीने ठरवलं म्हणून. मी स्कूटरवर दोन तास गंगापूर रोड, कॉलेज रोड, सगळे चहाचे ठेले पालथे घातले. सासूबाईंना सांगितलं, "मित्राकडे अभ्यासाला गेलाय." त्याच्या सगळ्यात जवळच्या मित्राच्या घरी मात्र फोन केला नाही. कारण? त्या मित्राची आई सोसायटीभर करेल!

त्या मित्राला सगळं ठाऊक होतं. कुठली गाडी, कुठे जाणार, खिशात पैसे किती, सगळं. तो पोरगा रात्रभर जागा होता, कुणी विचारतंय का याची वाट बघत. कुणी विचारलंच नाही. सात वाजता माझा मुलगा दिल्लीकडे जाणाऱ्या गाडीत बसलेला होता आणि त्या गाडीने मनमाड जेमतेम ओलांडलं असेल. जळगाव, भुसावळ अजून यायचे होते. त्या वेळी रेल्वे पोलिसांना एक फोन गेला असता तर तो महाराष्ट्रातच, रात्री नऊच्या आत सापडला असता.

त्याऐवजी तो मध्यरात्री नर्मदेच्या अलीकडच्या एका जंक्शनवर टीसीला बघून उतरला. पहाटे पाचपर्यंत एकटा बाकावर. रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने हटकलं तेव्हा त्याने नाव खोटं सांगितलं आणि आई-वडील नाहीत म्हणाला. त्याला एका बालगृहात नेलं. आम्ही तक्रार केली रविवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे साडेचौदा तास उशिरा. फोटो जुळून निरोप आला दुपारी तीनला. तोवर तो तिथे बेनामी बसून होता, कारण त्याला शोधणारं कुणी कागदावर नव्हतंच.

आणि मधल्या पाच तासांतलं एक मला चार महिन्यांनी कळलं. सहज बोलता बोलता म्हणाला, "बाबा, त्या रात्री एक माणूस होता. त्याने मला चहा पाजला. म्हणाला हॉटेलात काम आहे, राहायची सोय आहे, चल." हा उठणारच होता. तेवढ्यात त्या माणसाला फोन आला आणि तो जरा लांब गेला, म्हणून याने पुन्हा विचार केला. बस्स. एका अनोळखी माणसाला योग्य वेळी फोन आला, एवढंच माझं नशीब. आमच्या घराण्याची अब्रू, व्याह्यांचा साखरपुडा, मित्राच्या आईचं तोंड या सगळ्याची सोय त्या फोनने केली.

तर सांगायचा मुद्दा हा की मूल घरातून गेलं की आपण मुलाला नाही, आधी घराला वाचवायला धावतो. घराचं नाव. तुम्ही म्हणाल, आम्ही नाही असं करणार. मीही असंच म्हणत होतो.

"चोवीस तास थांबावं लागतं" हे कुणी सांगितलं आपल्याला? सिनेमांनी, आणि कधीकधी ठाण्यातल्या एखाद्या कंटाळलेल्या माणसाने. आम्हालाही "येईल हो संध्याकाळपर्यंत, या वयात मुलं अशीच असतात" असं ऐकवलं गेलं, आणि एका वकील शेजाऱ्याने फोनवर कायदा सांगितला तेव्हा कुठे कागद पुढे सरकला. तो कायदा सगळ्यांना पाठ असायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये, बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर, स्पष्ट सांगितलंय की अठराच्या आतलं मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण गृहीत धरून एफआयआर नोंदवायचाच. थांबायचं नाही. स्वतःहून गेलंय असं तुम्हाला वाटत असलं तरीही. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवता येतो. शिवाय १०९८ हा क्रमांक. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झालेली ही चाइल्डलाइन २०२३ पासून सरकार चालवतं, आणि ती ११२ शी जोडली आहे. दिवसरात्र, फुकट. हा नंबर मुलांनाही पाठ हवा, कारण तिकडच्या फलाटावर बसलेल्या पोरालाही तो लावता येतो.

आणि ही काही आपल्याच घरावर आलेली जगावेगळी आपत्ती नाही. रेल्वे सुरक्षा दलाची 'नन्हे फरिश्ते' नावाची मोहीम आहे. २०१८ या एका वर्षात त्यांनी १७ हजारांवर मुलं सोडवली, त्यातली १३ हजारांवर घरातून पळून आलेली होती. ही फक्त रेल्वेत सापडलेली. म्हणजे त्या तेरा हजार घरांतही कुणीतरी "कुणाला बोलू नका हं" म्हटलं असणार. सगळे एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसलेत!

आता त्या परिचिताकडे परत येऊ. त्याचा प्रश्न माझ्याहून अवघड होता, कारण त्याची मुलगी होती. आपली भाषाच बघा. मुलगा "निघून गेला". मुलगी "पळून गेली". मुलगा गेला की काळजी, मुलगी गेली की कलंक. मुलाने घर सोडलं तर चार पिढ्या कौतुक सांगतात. आमच्याच घरात माझे आजोबा चौदाव्या वर्षी वडिलांशी भांडून मुंबईला पळाले ही गोष्ट गणपतीत दरवर्षी सांगितली जाते, टाळ्या पडतात. आजोबांच्या धाकट्या बहिणीनेही घर सोडलं होतं म्हणे. तिचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.

समर्थांची गोष्ट लहानपणापासून ऐकत आलोय. बोहल्यावर भटजी "सावधान" म्हणाले आणि बारा वर्षांचा नारायण पळाला. कीर्तनकार इथे थांबतात, बुक्का लावतात. पण त्याच परंपरेत पुढची गोष्टही आहे. चोवीस वर्षांनी तो जांबला परत आला तेव्हा रडून रडून आईची दृष्टी गेली होती. ती गोष्ट आपण पटकन सांगून पुढे जातो. मला आता तीच आठवते. आणि हेही आठवतं की त्याला लग्न नको होतं, हे त्याने आधी सांगूनही कुणी मनावर घेतलं नव्हतं, असंच ती गोष्ट सांगते.

परिचित म्हणाला, "पोलिसांत गेलो आणि ती एखाद्या मुलाबरोबर असली तर? पॉक्सो लागेल, कोर्टकचेरी होईल, आयुष्यभराचा डाग." भीती खोटी नाही. अठराच्या आतलं असलं की कायदा संमती मानत नाही, आणि सतरा-अठराच्या दोन पोरांच्या प्रेमप्रकरणात तो कायदा फार कठोर वाजतो हे खरंच आहे. त्यावर जरूर वाद घालावा. पण अरे बाबा, रात्री अकरा वाजता तुला माहीत आहे का ती कुणाबरोबर आहे? मैत्रिणीकडे आहे, की एसटी स्टँडवर, की कुणी चहा पाजतोय तिला? ज्याला काहीच माहीत नाही तो बाप सगळ्यात कमी बदनामीची शक्यता निवडतो आणि तिलाच सत्य मानून झोपायला जातो. मीही तेच केलं होतं.

असो. मुलं बहुतेक वेळा परत येतात. खरी परीक्षा त्यानंतर.

आम्ही रात्रभर गाडी चालवून सोमवारी सकाळी पोहोचलो. तिथे बालकल्याण समितीपुढे जावं लागलं. बालन्याय कायद्यात (२०१५ चा) पळून आलेलं मूल हे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल मानलं जातं. गुन्हेगार नाही. मी आधारकार्डं, जन्मदाखला, शाळेचं ओळखपत्र अशी फाईल घेऊन गेलो होतो, जणू हरवलेली बॅग सोडवायची आहे. समितीतल्या बाई म्हणाल्या, "आप बाहर बैठिए. पहले बच्चे से पूछेंगे, वो जाना चाहता है क्या." मला संताप आला. माझा मुलगा, आणि यायचं की नाही हे त्याला विचारणार? चाळीस मिनिटं बाहेरच्या बाकावर बसून मी त्या बाईंना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

आज वाटतं, त्या पूर्ण प्रकरणात बरोबर वागलेली ती पहिली व्यक्ती. कारण काही मुलं घरातल्याच कुणाच्या तरी हातून सुटायला पळतात. मार, दारू, आणि त्याहून वाईट, ज्याचं नाव घरात घेता येत नाही. अशा मुलाला बापाच्या फाईलवर विश्वास ठेवून परत धाडलं तर त्याला पुन्हा त्याच जागी नेऊन सोडलं. बाईंना काय माहीत मी कसला बाप आहे? त्यांनी मुलाला विचारलं. आणि खरं सांगू? त्या दिवसापर्यंत घरात कुणी त्याला "तुला काय हवंय" असं दार बंद करून, चाळीस मिनिटं, मधे न बोलता विचारलं नव्हतं.

तो "हो" म्हणाला म्हणून आम्ही त्याला घेऊन आलो.

मग सुरू झाले सल्ले. दादा : "दोन ठेवून दे, आयुष्यभर लक्षात राहील." वहिनी : "मोबाईलच बंद करा." ऑफिसातला एक जण : "होस्टेलला टाका, सरळ होईल." नाशिककर असल्यामुळे एक सल्ला अटळच होता, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करून घ्या. आणि शेवटी सगळ्यांचा लाडका, "झालं गेलं विसरून जा, विषयच काढू नका." गंमत बघा, मार, होस्टेल, पूजा आणि विसरणं, या चारही सल्ल्यांत एक गोष्ट कॉमन आहे. मुलाशी बोलायला लागत नाही.

मला राग सगळ्यात जास्त त्या "विसरून जा"चा येतो, कारण तो प्रेमळ दिसतो. मुलगा साडेचारशे रुपये घेऊन रात्रीच्या गाडीत बसतो, तेव्हा तो काहीतरी सांगत असतो, जे घरात सांगून झालेलं असतं. तुम्ही ते विसरलात की त्याचं सगळं बोलणं वाया.

आमच्याकडे काय सांगून झालं होतं? भांडणाचं कारण आता सांगतो. त्याला अकरावीला आर्ट्सला जायचं होतं. इतिहास आवडतो. मला तीनदा सांगितलं होतं. तीनदाही मी म्हणालो, "बघू." मराठी घरात "बघू"चा अर्थ काय होतो हे प्रत्येक मराठी मुलाला माहीत आहे. "नाही" म्हटलं तर भांडता येतं. "बघू"शी भांडता येत नाही. त्या शनिवारी त्याला माझ्या ड्रॉवरमध्ये आयआयटीच्या क्लासची पावती सापडली. पहिला हप्ता मी महिन्यापूर्वीच भरला होता. तो ओरडला, "तुम्ही खोटारडे आहात." आणि मी हात उचलला. थोबाडीत मारल्यामुळे तो गेला असं सगळे समजतात. तो गेला पावतीमुळे.

तुम्ही म्हणाल, मग काय, पोरगं पळालं की त्याचं ऐकायचं? उद्या मोटारसायकलसाठी पळेल! हा प्रश्न मला सभ्य माणसांनी विचारलाय, म्हणून नीट उत्तर देतो. ऐकणं आणि मान्य करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ज्या घरात त्यांत फरक करत नाहीत त्याच घरात मुलांना पळावं लागतं. परत आल्यावर मी त्याला चार दिवस काही विचारलं नाही. जेवण, झोप, एकदा डॉक्टर. पाचव्या दिवशी फिरायला नेलं आणि आधी माझं सांगितलं. पावती लपवली ही फसवणूक होती, मारलं ही चूक होती, आणि रात्रभर तक्रार केली नाही ही सगळ्यात मोठी चूक होती. मग त्याचं सांगितलं. तू जे केलंस ते भयंकर धोक्याचं होतं, आई त्या रात्री मरून निघाली, पुन्हा असं वाटलं तर घर सोड पण मावशीकडे जा, आणि मला एक ओळ टाक. तो "हो" म्हणाला. धाक दाखवून हे झालं असतं असं मला वाटत नाही. मारून फक्त एवढंच शिकवता आलं असतं की पुढच्या वेळी मित्रालाही सांगायचं नाही, आणि खरं नाव कुणालाच सांगायचं नाही.

तो आर्ट्सला गेला. तीन कॉलेजं पाहिली, दोन प्राध्यापकांशी बोललो, पुढे काय करता येतं ते दोघांनी मिळून शोधलं, मग ठरवलं. मला अजूनही धाकधूक वाटते, खोटं कशाला सांगू. आणि आमचं सगळं गोड झालंय असंही नाही. तो अजून बऱ्याच गोष्टी मला सांगत नाही. खोलीचं दार लावून घेतो. मी टकटक करतो.

त्या परिचिताने त्या रात्री माझं ऐकलं. पाहुण्यांना खरं सांगितलं, बारा वाजता ठाण्यात गेला, आणि मुलीच्या तीन मैत्रिणींना एका ओळीने झोपेतून उठवलं. तिसरीला माहीत होतं. मुलगी दुसऱ्या गावी एका जुन्या शाळामैत्रिणीच्या घरी होती. पहाटे चारला सापडली. कुठलाही मुलगा वगैरे नव्हता. का गेली हे मला माहीत नाही, आणि ते मला माहीत असण्याची गरजही नाही.

सकाळी त्याचा पुन्हा फोन. या वेळी आवाज मोठा होता. "आणली घरी. आता तिच्याशी काय बोलू?"

मी म्हटलं, आधी जेवू दे, झोपू दे. मग विचार, काय झालं होतं. आणि ती काहीही म्हणाली, अगदी काहीही, तरी एक शब्द उच्चारू नकोस.

"कुठला?"

"बघू."